मथुराचा डोळा

पाण्याला आग लागते हे बघायला त्या सोमवारी सकाळी सगळं आडबंदर भिकाजी गावकराच्या खळ्यात लोटलं होतं. रापणकरांनी जाळी वाळूत तशीच टाकली होती. पोरं माडांवर चढली होती. ज्या म्हाताऱ्यांना एरवी उन्हात अंगण ओलांडवत नाही, त्या उजाडल्यापासून पुढची जागा धरून बसल्या होत्या. कुणी कुणाचा पाय तुडवला तरी भांडण होत नव्हतं, इतकी भक्ती उतू चालली होती.

१९६२ साल होतं. फेब्रुवारीत अष्टग्रही येऊन गेली होती. आठ ग्रह एका राशीत आले की जग बुडणार, म्हणून गावोगाव होम झाले, नवस बोलले गेले. काहींनी तर आता उरलंय काय म्हणत खुराड्यातली सगळी कोंबडी कापून खाल्ली. जग बुडालं नाही. मग ते कुणीतरी वाचवलं असलं पाहिजे, असं लोकांनी ठरवून टाकलं. तो कुणीतरी मार्चमध्ये देवगडहून बैलगाडीने आमच्या गावात उतरला. तेजोनाथबुवा. भगवी कफनी, लांब जटा, कोपरापर्यंत रुद्राक्ष, आणि मागे डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेतलेला एक तोंडमिटका शिष्य. गावचा मोठा माणूस म्हणून भिकाजी गावकराने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं.

मी गावातल्या नव्या हायस्कुलात शास्त्र शिकवत असे. माझं नाव विमला. माहेर सावंतवाडीचं, शिक्षण कोल्हापूरचं, नवरा देवगडच्या कचेरीत. गाव मला विमलाबाई म्हणे आणि माझ्यामागे 'कुकवाशिवाय वर्गात जाणारी' म्हणे. त्या सोमवारी माझ्या वर्गात एकही मूल आलं नाही, तेव्हा मीही खळ्यात जाऊन मागे उभी राहिले.

बुवाच्या पुढ्यात काशाची वाटी होती, वाटीत विहिरीचं पाणी. डाव्या हाताला फणसाच्या पानात गुंडाळलेले काही चकचकीत तुकडे, उजव्या हाताला काचेची बरणी. बरणीत तेल, तेलात राखाडी गोळे. कापराचा वास सुटला होता, आणि कापराच्या आडून रॉकेलचा. त्या वासाने मला एकदम कॉलेजची प्रयोगशाळा आठवली.

"हे रुपं खाणीतलं नव्हे!" बुवा गरजला. "सोनाराकडचं नव्हे! शेषाने कात टाकली, त्या कातीवरचा हा एकेक कण! बघा, बघा, नीट बघा!" त्याने चिमट्याने एक गोळा काढला आणि सुरीने कापला. आत चांदीसारखी लकाकी. "लोणी! देवाची चांदी लोण्यासारखी कापते! पाण्यावर हात धरा, शपथ घ्या. निर्मळ माणूस असेल तर कण शांत बसेल. खोटारडा असेल तर कण पळेल, किंचाळेल. आणि ज्याच्या नजरेत विष असेल, त्याच्या पाण्याला आग लागेल! अलख!"

"अलख!" सगळं खळं ओरडलं. त्यातल्या एकालाही त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसावा.

पहिला आला गंगाराम खलाशी. दुसऱ्याच्या होडीचा नांगर चोरल्याचा त्याच्यावर संशय होता. बुवाने फणसाच्या पानातला तुकडा टाकला. तो बुडाला आणि गप्प बसला. गंगाराम निर्मळ ठरला आणि बायकोकडे बघून रडला. मग शिवा दुकानदार आला, वजनात मारतो म्हणून गावभर बदनाम. आता बुवाचा चिमटा बरणीत गेला. राखाडी तुकडा पाण्यावर पडला, वितळून गोळी झाला आणि फुसफुसत वाटीभर पळत सुटला. लोक हसून लोळले. शिवाने कान धरले.

मला हसू आलं नाही. तो सोडियम होता हे मी ओळखलं होतं. पानातले तुकडे मॅग्नेशियमचे असणार, असाही अंदाज आला. पोट भरण्यासाठी एक लबाड माणूस शाळेतला प्रयोग करून दाखवतोय, एवढंच मला वाटलं. उद्या हाच प्रयोग वर्गात करून दाखवायचा, असं मी मनात ठरवत होते.

तेवढ्यात काशीबाई उठली.

काशीबाईचे दोन मुलगे. थोरला गणपत गावात होडी चालवायचा. त्याची बायको सुगंधा. धाकटा सत्यवान मुंबईला गिरणीत. त्याची बायको मथुरा. मथुराच्या लग्नाला सहा वर्षं होऊन पोटी मूल नव्हतं. पावसाळ्यात सुगंधाचा थोरला मुलगा डांग्या खोकल्याने गेला होता, आणि आता तिच्या मांडीवर दुसरा होता, सहा महिन्यांचा.

"महाराजानू," काशीबाई मथुराकडे बोट दाखवून म्हणाली, "माझो नातू हिनाच खाल्ल्यान! न्हाऊन काढलेल्या पोराकडे टक लावून बघी आणि म्हणी, कसो गोड आसा! तिसऱ्या दिवसाक पोर खोकाक लागला."

मथुराला दोघींनी दंडाला धरून पुढे आणलं. काळीसावळी, किडकिडीत, डोळे मात्र मोठे, काळेभोर. तिने पाण्यावर हात धरला.

"माका काय म्हायत नाय," ती म्हणाली. "मी नुसता बघलंय त्याका. लाड वाटा म्हणान."

बुवाने चिमटा बरणीच्या तळापर्यंत घातला. या वेळचा गोळा त्याने वेगळा निवडला, हे मला मागूनही दिसलं. तो पाण्याला लागला मात्र, तडतड आवाज झाला आणि वाटीतून जांभळट ज्वाळा उठली.

लोक मागे रेटले गेले. कुणीतरी किंचाळलं. मला ती ज्वाळा ओळखीची होती. पोटॅशियमखेरीज असा रंग दुसरा कुणी देत नाही. पण त्या पाण्याचं पुढे काय करणार आहेत, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"नजरेत विष!" बुवा म्हणाला. "आगीने शुद्ध झालेलं हे तीर्थ. ज्या डोळ्याने खाल्लं तो डोळा धुवा!"

त्याने आणखी दोन गोळे त्याच पाण्यात टाकले. गणपतने भावजयीचं डोकं दोन्ही हातांनी मागे ओढून धरलं. सासूने अंगठ्याने तिची डावी पापणी वर केली. मी "ते पाणी फेका!" म्हणून ओरडत गर्दीतून घुसले. कोपरं मारली, कुणाचा तरी हात चावले. मी पोचले तेव्हा वाटी रिकामी झाली होती, आणि मथुराच्या तोंडातून जो आवाज निघत होता त्याला रडणं म्हणता येणार नाही.

मी तिला ओढत विहिरीपाशी नेलं आणि कळशीमागून कळशी तिच्या डोळ्यावर ओतली. बायका भोवती जमल्या.

"बाईनू, तीर्थ धुवन काढू नकात, पाप परत चढात!"

"पाणी शेंदा!" मी ओरडले. एकीनेही दोराला हात लावला नाही. मीच शेंदत राहिले आणि ओतत राहिले.

त्याच दुपारी गाडी करून तिला देवगडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ डोळा तपासला आणि मला बाहेर बोलावलं.

"चुना गेला होता का?"

"चुन्याहून वाईट. दाहक पोटॅश."

"म्हणूनच. आम्लाने वरवर भाजतं, क्षार आत आत शिरत जातो. तुम्ही धुतलंत म्हणून डोळा खोबणीत राहिलाय. नजर गेली. उजव्या डोळ्याला काही झालेलं नाही, तेवढा तरी सांभाळा."

ते सांभाळणंच अवघड होतं. कारण मथुराचा डोळा दोन दिवसांत पांढरा पडला, आणि बुवाने तो पांढरेपणाच पुरावा म्हणून मिरवला. "काळा होता की नाही? विष जळलं, राख झाली, पांढरा झाला! आता उजवा. येत्या सोमवारी." घरोघरी हेच बोललं जात होतं. डोळा जळाला म्हणून कुणाला बुवाचा संशय आला नाही. उलट मथुरावरचा संशय पक्का झाला.

मी पोलीस पाटलाकडे गेले. तो पान लावत बसला होता.

"कोणी तक्रार केली हा? तिना? घरच्यांनी?" त्याने विचारलं. "कोणी नाय ना? मगे मी देवाच्या कामात कित्याक पडू, बाईनू?"

तक्रार करण्यासाठी मथुराचं मन वळवावं म्हणून मी तिला शाळेत बोलावून घेतलं. शाळा सुटल्यावर ती आली, डोळ्यावर पट्टी बांधून. बाकावर बसली नाही, जमिनीवर बसली. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं:

"बाईनू, माझ्याच डोळ्यान खाल्लंय काय ओ मी त्या पोराक?"

मला वाटलं होतं तिला राग आला असेल. तिला राग नव्हता. तिने आपल्यावरचा आरोप मान्य करून टाकला होता. "सोमवारी दुसरो पण धुवन घेतंय," ती म्हणाली. "सुगंधाचो धाकटो तरी वाचांदे."

मी कपाट उघडलं. शाळेत पोटॅशियम नव्हतं, पण रॉकेलात ठेवलेला सोडियम होता आणि मॅग्नेशियमची फीत होती. काचेच्या पसरट भांड्यात मी पाणी घेतलं. फितीचा तुकडा टाकला. तो गप्प पडून राहिला. मग चिमट्याने सोडियम काढला, सुरीने बारीक तुकडा कापला आणि टाकला. तो फुसफुसत पळाला.

मथुरा झटकन मागे सरली. मग पुढे वाकली.

"कोणाच्या नावान टाकलास?"

"कोणाच्याच नाय."

"शपथ?"

"कोणी घेवक नाय."

ती त्या विरघळत जाणाऱ्या गोळीकडे एका डोळ्याने बघत राहिली. मी खडू घेतला आणि फळ्यावर ठिपका काढला. मथुरा चौथीपर्यंत शिकलेली होती. मी तिला नववीच्या मुलांना सांगते तसंच सांगितलं, काही सोपं करून, पण काही गाळून नाही.

प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यावर धन विद्युतभार. भोवती ऋण भाराचे इलेक्ट्रॉन, कवचाकवचांत बसलेले. पहिल्या कवचात दोनच मावतात, मग आठ, मग पुढचे. सोडियमकडे अकरा इलेक्ट्रॉन. दोन, आठ, आणि सगळ्यांच्या बाहेर एकटा एक. केंद्रक त्याला ओढून धरतं, पण मधल्या दहा जणांच्या आडून. त्या बाहेरच्या एकाला अणूपासून तोडायला जेवढी ऊर्जा लागते तिला आयनीकरण ऊर्जा म्हणतात. सोडियमला ती फार थोडी लागते, म्हणून पाण्याची गाठ पडली की तो आपला इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो.

"होडयेसारखा," मथुरा म्हणाली. "धक्क्याक लागान बांधलेली सुटना नाय. मधी दुसरे होडये आसले की भायलीच सुटता."

"तसंच," मी म्हटलं. आणि पुढचं सांगितलं. मॅग्नेशियमकडे बारा, दोन, आठ, दोन. बाहेरचं कवच सोडियमचंच, पण केंद्रकाची ओढ एकाने वाढलेली. ते दोघे घट्ट बसलेले, वर ऑक्साइडचा पातळ थर; गार पाण्याला दाद देत नाहीत. आणि तिसरा, बुवाने तुझ्या वेळी काढला तो पोटॅशियम. एकोणीस इलेक्ट्रॉन. दोन, आठ, आठ, एक. बाहेरचा एकटा चौथ्या कवचात, आणखी लांब, आणखी सैल. सोडियमपेक्षाही कमी ऊर्जेत सुटतो. तो पाण्यात इतक्या जोराने सुटतो की पाण्यातून निघालेला हायड्रोजन त्याच उष्णतेने पेट घेतो. ज्वाळा जांभळी का? तापलेल्या पोटॅशियमच्या अणूंतले इलेक्ट्रॉन वर उडी घेतात आणि खाली परतताना तो रंग टाकतात. सोडियम पेटला तर पिवळा रंग देतो. आणि वाटीत मागे उरतो तो क्षार. साबणवाले वापरतात तो. चरबीचा साबण करणारा.

तिने उठून फळ्यावरच्या बाहेरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मगे त्या दाण्याक मी कोण ता म्हायतच नाय?"

"नाय. त्याका फक्त पाणी कळता."

"आणि पोर?"

"डांग्या खोकल्यान गेला. टोचून घेतला आसता तर कदाचित वाचला आसता."

मथुराने पट्टीवर हात ठेवला. "मगे माझो डोळो फुकट गेलो," ती म्हणाली.

इतका वेळ तिला निदान असं वाटत होतं की तिचा डोळा एका पोरासाठी गेला. तेवढा आधारही मी काढून घेतला होता.

तक्रार करायला ती कबूल झाली नाही. "घरात रवाचा आसा माका," म्हणाली. पण दारापर्यंत जाऊन वळली. "सोमवारी मी जातलंय. नाय गेलंय तर बांधून नेतले. तुमी येवा."

सोमवारी गर्दी दुप्पट होती. कुणकेश्वराकडचे लोकही आले होते, कारण एक डोळा धुतलेली चेटकीण दुसरा धुवून घेणार हे बघायला कोण येणार नाही? मथुरा बुवाच्या उजव्या हाताला बसवलेली होती, बरणीच्या जवळ. पुढच्या रांगेत काशीबाई, तिच्या शेजारी सुगंधा, सुगंधाच्या मांडीवर मूल, मागे गणपत. मी टोपलीत दोन ताजे बांगडे घेऊन गेले होते.

बुवाने मला बघितलं आणि ओळखलं. हसून म्हणाला, "या, बाई, या. आज सुशिक्षितांनाही दर्शन!"

"महाराज," मी हात जोडले, "मथुराच्या आधी एक शंका फेडा. हे सुगंधाचं बाळ. याने अजून कुणाला शिवीसुद्धा दिलेली नाही. याची परीक्षा करा म्हणजे पापी आणि निर्मळ यांतला फरक आम्हाला कळेल."

बुवा खूष झाला. याहून सोपं काय? सुगंधाने बाळाचा हात वाटीवर धरला. बुवाने फणसाच्या पानातला तुकडा टाकला. तो तळाला जाऊन बसला.

"निर्मळ!" बुवा ओरडला. "अलख!"

"अलख!" खळं ओरडलं.

"आता याच बाळाच्या नावाने दुसरा कण," मी म्हटलं. "त्या बरणीतला. माझ्या हाताने."

"कणाला सिद्ध हात लागतो, बाई! तुमच्या हाताला तो जुमानायचा नाही."

"म्हणजे न्याय कण करतो की तुमचा हात?"

गर्दीत कुजबुज झाली. शिष्याने ट्रंकेवरचा हात काढून बरणीकडे नेला. पण त्याच्याआधी मथुराने बरणी उचलली आणि माझ्यापुढे धरली. भिकाजी गावकर, ज्याला स्वतःच्या खळ्यात दुसऱ्या कुणाचा हुकूम चाललेला खपत नसे, तो म्हणाला, "टाकू दी रे तिका. काय होता ता बघूया."

मी तळातले गोळे चाचपले. जो सुरीखाली अगदी मऊ लागला तो निवडला आणि बाळाच्या नावाचा उच्चार करून पाण्यात टाकला. जांभळी ज्वाळा उठली, तडतडली आणि विझली. लागोपाठ आणखी दोन टाकले. दोन वेळा पुन्हा तीच ज्वाळा.

लोक बाळाकडून बुवाकडे बघू लागले.

"नजरेत विष," मी म्हटलं. "आत्ता निर्मळ होतं, आत्ताच चेटकं झालं. असू दे. महाराजांचा नियम सगळ्यांना एकच. सुगंधा, पोराचे हात धर. गणपत, तू डोकं धर, तुला सवय आहे. आणि काशीबाई, तू अंगठ्याने पापणी वर कर. मथुराची केली होतीस तशी."

मी वाटी उचलली आणि बाळाकडे एक पाऊल टाकलं. सुगंधाने मुलाला छातीशी घट्ट धरलं आणि किंचाळली. काशीबाई उठून माझ्यावर धावून आली. तिने माझं मनगट पकडलं, इतकं की नखं रुतली.

"खोटा आसा ता! बाईनू, खोटा आसा! त्या दाण्याक काय कळता? टाकणाऱ्याक व्हया तसा होता ता!"

"तुला कसं कळलं, काशीबाई?"

"मीच सांगितलंय त्याका! धाकटे सुनेच्या पाळयेक आग काड म्हणान मीच..."

ती थांबली. पण आता फार उशीर झाला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं. गणपतने ऐकलं. मथुरानेही ऐकलं.

मी वाटी खाली ठेवली आणि टोपलीतला बांगडा काढला. "याचा डोळा बघा," मी पुढच्या रांगेला दाखवला. सकाळी पकडलेला मासा, डोळा काचेसारखा स्वच्छ. मी शेपटीला धरून त्याचं डोकं त्या तीर्थात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. मनात शंभर आकडे मोजले. बाहेर काढला तेव्हा डोळा पांढरा झाला होता, कढीत शिजलेल्या बांगड्याचा असतो तसा.

"या माशाने कुणाचं पोर खाल्लं?" मी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. तीन धातू, तिघांचे इलेक्ट्रॉन, कुणाचा सैल, कुणाचा घट्ट. दुसऱ्या बांगड्याच्या पोटावर फणसाच्या पानातला तुकडा ठेवून सुरीने कापायला भिकाजीला सांगितलं. सुरी घसरली, तुकडा कापेना. "ही कसली लोण्याची चांदी?" कुणीतरी ओरडलं. शिष्य केव्हाच पळाला होता, ट्रंकेसकट.

बुवा उठत होता, तेवढ्यात गणपतने त्याला पाडलं. आठवड्यापूर्वी ज्या हातांनी मथुराचं डोकं मागे ओढलं होतं, त्याच हातांनी आता बुवाची जटा मागे ओढली. जटा हातात आली. लोक हसले, तेच हसणं, जे शिवाला हसले होते.

"मी बुवा नाही हो!" तो ओरडू लागला. "मुंबईला कॉलेजात बाटल्या धुवायचो मी! काढून टाकलं मला! सोडा!"

"धरा मेल्याक!" भिकाजी म्हणाला. "त्याच्याच डोळ्यात घाला!"

मी "नको" म्हणत होते. कुणी ऐकत नव्हतं. आठवड्यात एवढाच फरक पडला होता, की लोकांना डोकं धरायला दुसरा माणूस मिळाला होता. भिकाजीने वाटी उचलली आणि मथुराच्या हातात दिली. "तू घाल. तुझोच मान."

मथुरा वाटी घेऊन उभी राहिली. बुवा तिच्या पायाशी पडला होता, दोन्ही डोळे घट्ट मिटून. गणपतने त्याची पापणी अंगठ्याने वर ओढली.

"तुका माझा नाव म्हायत होता?" तिने विचारलं.

बुवाने मान हलवली. "नाही. धाकटी सून, एवढंच सांगितलं होतं."

मथुराने गर्दीकडे बोट केलं. "ह्यांका तुझो डोळो व्हयो," ती म्हणाली. "माका माझो व्हयो होतो."

तिने वाटी जमिनीवर उपडी केली आणि गर्दीतून चालत निघून गेली. काही जणांच्या चेहऱ्यावर उघड निराशा दिसली.

बुवाला देवगडच्या फौजदारांच्या हवाली केलं. खटला उभा राहिला आणि साक्षीदारांचे जबाब झाले. पहिल्या सोमवारी खळ्यात असलेल्या प्रत्येकाने पाण्याला लागलेली आग बघितली होती. मथुराचं डोकं धरणारे हात मात्र कुणीच बघितले नव्हते. काशीबाईचं नाव एकाही जबाबात आलं नाही. बुवाला फसवणुकीबद्दल थोडी शिक्षा झाली. डोळ्याबद्दल कुणालाच झाली नाही. मी माझा जबाब दिला, नावांसकट. वकिलाने मला विचारलं की बाई, एवढ्या गर्दीत मागून तुम्हाला काय दिसणार?

मे महिन्यात सत्यवान मुंबईहून आला. बायकोचा पांढरा डोळा बघितला, जेवला, झोपला, आणि दुसऱ्या दिवशी तिला देवगडला तिच्या भावाकडे पोचवून आला. पुढच्या वर्षी काशीबाईने त्याचं दुसरं लग्न केलं. मांडवात सगळं गाव जेवलं. मला बोलावणं होतं. मी गेले नाही.

मथुरा आता आंब्याच्या दिवसांत देवगडला पेट्या भरायचं काम करते. गेल्या वैशाखात मी तिला भेटायला गेले होते. आम्ही धक्क्याकडे बोलत चाललो होतो. समोरून एक तरुण बाई येत होती, कडेवर पोर. मथुरा दिसताच तिने पदर ओढून पोराचं तोंड झाकलं.

"असं का केलंस गो?" मी तिला थांबवून विचारलं.

"तिचो डोळो बघा ना," ती बाई दबक्या आवाजात म्हणाली. "पांढरो आसा. वायट आसा तो."

मथुराला ऐकू गेलं होतं. ती न थांबता पुढे चालत राहिली. तिला सवय झाली होती.

त्या बाईला मी तिथेच, धक्क्यावर उभी राहून, सगळी हकीकत सांगितली. ती मान हलवत होती, पण पोराच्या तोंडावरचा पदर तिने काढला नाही. म्हणून ही हकीकत मी लिहून काढली आहे, ज्यांना अजून ऐकायचं आहे त्यांच्यासाठी. पोटॅशियमच्या अणूला तुमचं नाव, गाव, जात, पाप, पुण्य काही कळत नाही. त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल आहे, म्हणून तो पाण्यात पेटतो. तुमच्या वाटीत पेटेल, माझ्या वाटीत पेटेल, देवळातल्या तीर्थातही पेटेल. कुणी चमत्कार दाखवला तर बघायला जरूर जा. पण वाटीत काय टाकलं हे विचारा. कुणाच्या हाताने टाकलं हे विचारा. तेच आपल्या हाताने टाकून बघा. आणि ते पाणी दुसऱ्याच्या सुनेच्या डोळ्यात घालायला हात पुढे करण्याआधी ते आपल्या पोराच्या डोळ्यात घालाल का, एवढं एक स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर तुम्हाला खरं काय ते आधीपासूनच ठाऊक आहे.